बीरांगना

बीरांगना : बांगलादेशाच्या १९७१ च्या मुक्तियुद्धात पाकिस्तानी सैन्याच्या व त्याच्या स्थानिक साथीदारांच्या बलात्काराला बळी पडलेल्या स्त्रियांना नव्या राज्याने दिलेली सन्मानसंज्ञा. शब्द आपल्या ‘वीरांगना’चाच, बंगालीत ‘व’चा उच्चार ‘ब’ होतो. मराठीत तो झाशीच्या राणीसारख्या लढवय्या स्त्रीसाठी येतो. बांगलादेशात त्याचा रोख सोसण्याकडे आहे.

ही संज्ञा कोणी व केव्हा दिली, याविषयी एकमत नाही. लोकसमजुतीत श्रेय शेख मुजीबुर रहमान यांना जाते आणि त्यासाठी फेब्रुवारी १९७२ मधील त्यांच्या पाबना भागाच्या दौऱ्याचा दाखला देतात. पण मुजीब पाकिस्तानच्या कैदेतून ढाक्याला परतले ते १० जानेवारी १९७२ रोजी. त्याआधीच, डिसेंबर १९७१ च्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास, मंत्री कमरुज्जमान यांनी ही घोषणा केल्याचे मानववंशशास्त्रज्ञ नयनिका मुखर्जी नोंदवतात. हे मत अधिक ग्राह्य वाटते. मुजीबांच्या तोंडून तो शब्द घरोघर गेला असावा.

घरच्यांनी या स्त्रियांना परत स्वीकारावे, हा त्यामागचा हेतू. पण ‘बीरांगना’च्या शेजारीच ‘बारांगना’, म्हणजे वेश्या, हा शब्द होता. मराठीतही वेलांटीच्या जागी काना आला की वीरांगनेची वारांगना होते. गावातल्या टोमण्यांना एवढे पुरले, आणि अनेकींनी हा मान आयुष्यभर लपवला. नायबुद्दीन अहमद यांच्या गाजलेल्या छायाचित्रातील स्त्रीचा चेहराच दिसत नाही; दिसतात ते मोकळे केस आणि चेहऱ्यापुढे आवळलेल्या, बांगड्या घातलेल्या मुठी.

पीडितांची संख्या सरकारी अंदाजाने २ लाख. काही लेखक ४ लाखांपर्यंत जातात. प्रत्यक्ष मोजणी यांपैकी कशाच्याही मागे नाही. १९७२ मध्ये पुनर्वसन केंद्रे उघडली, गर्भपाताला अपवाद म्हणून मुभा मिळाली, आणि जन्मलेली काही मुले परदेशी दत्तक गेली. त्यांच्या आयांना काय वाटत होते, हे कागदपत्रांतून फारसे कळत नाही.

शिल्पकार फिरदौसी प्रियभाषिणी यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्वतःचा अनुभव उघडपणे सांगितला. २०१५ पासून बीरांगनांची ‘मुक्तियोद्धा’ म्हणून अधिकृत नोंद होऊ लागली. त्यामुळे भत्ता मिळतो. फाळणीनंतर तिथे स्थायिक झालेल्या उर्दूभाषक ‘बिहारी’ समाजातील स्त्रियांवरही त्या काळात अत्याचार झाले. त्या या संज्ञेत येत नाहीत, आणि त्यांच्याविषयीची साधने तुटपुंजी आहेत.