लोणचं, पेटंट आणि अंबडची शेड

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत रबर मोल्डिंगची शेड शोधायला पत्ता लागत नाही, नाक पुरतं. गंधकाचा तो गरम वास शर्टात बसतो आणि घरी गेल्यावर घरचे ओळखतात, आज कुठे गेला होतात ते. आत शिरलं की मिक्सिंग मिल दिसते. दोन आडवे लोखंडी रोल एकमेकांकडे फिरताहेत आणि पुढच्या रोलवर काळ्या कंपाउंडची, म्हणजे रबराच्या मिश्रणाची, चादर चढली आहे. कामगार सुरीने ती एका बाजूने कापतो, गुंडाळी करतो आणि उलटी फिरवून पुन्हा रोलमध्ये सोडतो. नीट पाहिलं तर दोन्ही रोल सारख्या वेगाने फिरत नाहीत. एक जरा पुढे पळतो. त्यामुळेच रबर नुसतं दाबलं न जाता रगडलं जातं.

ही युक्ती 1836 सालची. अमेरिकेत रॉक्सबरी इथल्या रबर कंपनीतल्या एडविन चॅफी यांनी वाफेने तापणाऱ्या, वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या रोलचं पेटंट घेतलं. तोवर रबर टर्पेंटाइनमध्ये विरघळवून कापडाला फासत असत. चॅफींना तो द्रावकच नको होता. त्यांनी कापडावर रबर चढवणारं, कॅलेंडर नावाचं यंत्रही बनवलं, सुमारे 30 टनांचं. लोक त्याला राक्षस म्हणत. कंपनी मात्र बुडाली, कारण कच्च्या रबराचा माल उन्हाळ्यात वितळून घाण मारायचा. त्यावरचा उपाय, गंधक घालून तापवणं, म्हणजे व्हल्कनायझेशन. त्याचं अमेरिकी पेटंट चार्ल्स गुडइयर यांना 1844 मध्ये मिळालं. ती गोष्ट शाळेच्या पुस्तकापासून सगळीकडे सांगितली जाते. यंत्रांची गोष्ट मागे राहते आणि मला तीच जास्त रंगतदार वाटते.

कारण तिची सुरुवात पेटंटने नाही, लपवाछपवीने होते. लंडनचे थॉमस हॅनकॉक रबराच्या पट्ट्या कापायचे. कातरण फार वाया जायची. ती बारीक चिरून पुन्हा जोडता येईल म्हणून त्यांनी 1820 मध्ये आत दाते असलेलं एक हाताने फिरवायचं यंत्र केलं. त्यात पहिल्यांदा जेमतेम 2 औंस रबर मावत होतं. झालं उलटंच. तुकडे व्हायच्या ऐवजी आतून गरम, एकजीव गोळा बाहेर आला. हॅनकॉकनी ते पेटंट कार्यालयात नेलं नाही. कामगारांना गुप्ततेला बांधून घेतलं आणि यंत्राचं नावच ठेवलं 'पिकल'. म्हणजे लोणचं! कोणी कान लावलाच तर भलतंच काही ऐकू यावं म्हणून. पेटंट घेतलं ते थेट 1837 मध्ये, 17 वर्षांनी.

उघड्या मिलची एक अडचण आजही छोट्या शेडमध्ये दिसते. रबरात मिसळायच्या काजळीची पिशवी फोडली की माणूस मिनिटभरात काळा होतो. बंद पेटीतली मिक्सर आधीही होती, पण फर्नली बॅनबरी यांनी 1916 मध्ये पेटंट घेतलं त्या यंत्रात वरून दाबणारं वजन होतं. ते माल खाली फिरणाऱ्या रोटरमध्ये रेटत राही. टायर कारखान्यात हे नाव आता माणसाचं राहिलेलं नाही. तिथे 'बॅनबरी' म्हणजे खातं.

ओ-रिंगचं, म्हणजे गळती थांबवणाऱ्या गोल रबरी कडीचं, प्रकरण वेगळं. स्वीडनमध्ये 1896 मध्येच तसं एक पेटंट नोंदलं गेलं होतं. पण पिस्टनच्या खाचेत बसणारी रबरी रिंग गळती कशी थांबवते, याचं अमेरिकी पेटंट नील्स ख्रिस्टेन्सन यांना 1939 मध्ये मिळालं, सत्तरी ओलांडल्यावर. त्यात रिंगपेक्षा खाच महत्त्वाची होती. रिंगला हलायला थोडी जागा हवी. दुसरं महायुद्ध आलं, सरकारने पेटंट ताब्यात घेतलं, सगळ्यांना रिंगा बनवायची मुभा दिली आणि म्हाताऱ्याच्या हातावर 75,000 डॉलर ठेवले. कोर्टकचेऱ्यांनंतर वारसांना आणखी 1 लाख डॉलर मिळाले ते 1971 मध्ये, तोवर ख्रिस्टेन्सन जाऊन 19 वर्षं झाली होती.

नाशिककडे यायचं तर आपल्याकडचं यंत्रकाम मुळात दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर उभं राहिलं. ओझरला 1964 मध्ये एचएएल या सरकारी विमान कंपनीचा कारखाना आला तो मिग-21 साठी, सोव्हिएत नकाशांवर. सातपूर, मग अंबड इथे मोठ्या कारखान्यांभोवती त्यांना सुटे भाग पुरवणारे व्हेंडर वाढले. ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं, डाय, म्हणजे साचा, तोही बहुतेकदा गिऱ्हाइकाचा. आपली ती फक्त हातोटी.

आणि हातोटीला कायदा पेटंट देत नाही. 1970 च्या पेटंट कायद्यातलं कलम 3 (एफ) म्हणतं की माहीत असलेली साधनं नुसती नव्याने मांडली तर तो शोध नव्हे. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयात भांडी लेथवर पकडून घासण्याच्या एका साधनाचा खटला निकाली निघाला. न्यायालयाने ती वर्कशॉपमधली सुधारणा ठरवली आणि पेटंट टिकलं नाही. शोधाची पायरी त्याच्या वर असावी लागते. तांबट आळीतल्या जुन्या कारागिरांना हे ऐकवलं तर काय म्हणतील, देव जाणे.

आमच्या ओळखीचे एक शेडमालक ठिबकचे ग्रोमेट बनवतात. द्राक्षबागेत पाइपला भोक पाडून बसवतात त्या रबरी कड्या. गरम ग्रोमेट साच्याच्या आतल्या दांड्यावरून (कोअरवरून) सोलताना फाटायचे, पोरांची बोटं भाजायची. मालकांनी भंगारातल्या नळ्या जोडून एक जिग, म्हणजे कामाला मदत करणारं साधन, केलं. पायाने पेडल दाबलं की हवेच्या फुंकरीने सगळे एकदम सुटतात. मी पेटंटचं विचारलं, 20 वर्षांची मुदत असते म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "अहो, त्या कागदाचं काय लोणचं घालू?" फुंकर काही नवी नाही, हे त्यांनाही कळतं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचं ऑडिट होतं. निघताना पाहिलं, तर पोरगं जिगवर गोणपाट टाकत होतं.