कोर्लई क्रिओल
रायगड जिल्ह्यात, कुंडलिका नदीच्या मुखाशी रेवदंड्यासमोर असलेल्या कोर्लई गावातल्या कॅथलिक लोकांची भाषा. क्रिओल म्हणजे वेगवेगळ्या भाषांच्या मिसळीतून तयार होऊन पुढे मातृभाषा झालेली भाषा. शब्द बहुतेक पोर्तुगीज, वाक्याची ठेवण मराठीच्या जवळची. बोलणारे हजाराच्या आसपास, ते तिला 'नौ लिंग' म्हणजे 'आपली भाषा' म्हणतात.

कोर्लईचा किल्ला पोर्तुगीजांनी 1594 मध्ये निजामशाहीकडून घेतला, म्हणून भाषेचा जन्म साधारण त्यानंतरचा धरतात, पण समोर चौलला ते 1521 पासूनच किल्ला बांधून बसले होते, तेव्हा सुरुवात तिथे झाली असावी असंही म्हणता येतं.

खरा वाद उगमाचा आहे. एक जुनं मत असं की 15व्या शतकात पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर व्यापारासाठी एक सोपी केलेली पोर्तुगीज तयार झाली आणि तीच जहाजांबरोबर कोची, श्रीलंका, मलाक्का, मकावपर्यंत गेली, शब्द तेवढे तिथे तिथे बदलले. दुसरं मत म्हणजे प्रत्येक ठाण्यावर सैनिक, त्यांच्या स्थानिक बायका, गुलाम आणि बाटलेले मजूर यांच्यात ती नव्याने घडली. कोर्लईपुरतं दुसरं मत जास्त पटतं, कारण इथे क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी येतं आणि मराठीतून घेतलेल्या क्रियापदांचा उकारान्त असा वेगळा गटच आहे. तरी पहिलं मत पूर्ण सोडूनही चालत नाही, भविष्यकाळासाठी पोर्तुगीज 'लोगो' (लवकरच) या शब्दापासून आलेलं रूप कोर्लईत आहे तसंच श्रीलंकेत आणि मलाक्क्यातही आहे, आणि इतक्या लांबच्या ठिकाणी ते आपापलं सुचलं असेल असं वाटत नाही. या भाषेवर सगळ्यात सविस्तर काम भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांचं आहे.

1740 मध्ये चौल मराठ्यांकडे आलं, पोर्तुगीज गेले, भाषा मात्र राहिली. धर्म वेगळा, लग्नं आपापसात आणि चर्चमुळे पोर्तुगीजशी थोडाफार संबंध टिकला, ही कारणं सहसा दिली जातात.

वसई, साष्टी, मुंबईकडच्या ख्रिश्चनांतही अशीच बोली होती, मूळ गोव्याचे भाषाभ्यासक सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी 1906 मध्ये तिच्यावर लिहिलंय. ती आता गेली. गोव्यात कोकणीच टिकल्यामुळे क्रिओल रुजली नाही. दमण आणि दीवला अजून आहे, कोचीजवळ वायपीनची क्रिओल बोलणारी शेवटची व्यक्ती 2010 मध्ये वारली. कोर्लईची मुलं मराठी शाळेत जातात आणि घरात दोन्ही भाषा चालतात.