परमिट घेतल्याशिवाय पोलवर चढायचं नाही

जुलै 2004. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, हडसन नदीकाठच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत नव्याने दाखल झालेले 1,218 कॅडेट एक छोटी प्रश्नावली भरायला बसले. त्यात बारा साधी विधानं होती. अपयशाने मी खचत नाही, हाती घेतलेलं काम मी पुरं करतो, माझ्या आवडी दरवर्षी बदलतात, अशा धर्तीची. आपल्याला कोणतं विधान किती लागू पडतं, एवढंच सांगायचं होतं.

त्यानंतरचे सात आठवडे फार कठीण असतात. पहाटे पाचला उठायचं आणि रात्री दहापर्यंत कवायत, धावणं, ओरडा खाणं, पाठीवर ओझं घेऊन चालणं. घरी फोन नाही, मोकळा वेळ नाही. अकादमीत या उन्हाळी प्रशिक्षणाला ‘बीस्ट बॅरक्स’ म्हणतात. त्या वर्षी 71 जणांनी मधेच सामान बांधलं. परीक्षेतले गुण, शारीरिक क्षमता, नेतृत्व असं सगळं मोजून अकादमी प्रवेशाच्या वेळी प्रत्येकाला एकत्रित गुण देते. कोण सोडून जाईल हे त्या गुणांवरून कळलं नाही. बारा विधानांच्या प्रश्नावलीवरून मात्र थोडंफार कळलं.

ही प्रश्नावली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या अँजेला डकवर्थ यांची. त्या ज्या गुणाला ‘ग्रिट’ म्हणतात, त्याला आपल्याकडे ‘चिकाटी’ हा शब्द चपखल बसतो. त्यांचा शोधनिबंध 2007 साली आला आणि पुढच्या दहा वर्षांत चिकाटी हा शाळांच्या भिंतींवरचा, कंपन्यांच्या भाषणांमधला आणि पालकांच्या तोंडी बसलेला मंत्र झाला. हुशारी नसली तरी चालेल, चिकाटी हवी. ऐकायला फार बरं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण आकडे जवळून पाहिले की चित्र जरा बदलतं.

वेस्ट पॉइंटमध्ये शंभरातले 94-95 जण तसेही टिकतात. चिकाटीत बरेच वर असलेल्यांमध्ये हा आकडा 98 च्या आसपास जातो. फरक आहे, खरा आहे, पण डोंगराएवढा नाही. माणसामाणसांच्या यशात जो फरक दिसतो, त्यातला सरासरी 4 टक्के चिकाटीने समजतो, असं 2007 च्या निबंधातच लिहिलेलं होतं. ते वाक्य भिंतीवर कुणी लावलं नाही. 2017 साली मार्कस क्रेडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 88 नमुन्यांमधली, 66 हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून तपासली. त्यांना दोन गोष्टी आढळल्या. एक म्हणजे, चिकाटीचे दोन भाग आहेत: नेटाने कष्ट करत राहणं आणि वर्षानुवर्षं एकाच आवडीला धरून राहणं. यातला पहिला भाग उपयोगी पडतो, दुसऱ्याचा फारसा संबंध दिसत नाही. दुसरी गोष्ट अशी की मानसशास्त्रज्ञांना आधीपासून माहीत असलेल्या एका गुणाशी ही चिकाटी जवळजवळ तंतोतंत जुळते.

त्या आधीच्या गुणाबद्दल, म्हणजे कर्तव्यदक्षतेबद्दल, मला जास्त बोलायचं आहे, कारण त्याची पोस्टरं कुणी छापत नाही.

1936 साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या दोघांनी इंग्रजीचा एक जाडजूड शब्दकोश घेऊन माणसांचं वर्णन करणारे शब्द वेचून काढले. ते भरले जवळपास 18 हजार. त्यामागचा विचार सोपा होता. स्वभावातली जी गोष्ट माणसांना महत्त्वाची वाटते, तिच्यासाठी भाषेत शब्द तयार झालेलाच असतो. पुढे कित्येक वर्षं वेगवेगळे संशोधक हे शब्द चाळत, गटांत बसवत राहिले आणि शेवटी पाच मोठे ढीग उरले: नव्या अनुभवांबद्दलचा खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि मनाची अस्थिरता. कोणीही माणूस या पाचपैकी एकाच खणात बसत नाही. प्रत्येकात पाचही कमीजास्त असतात, उंची आणि वजनासारखे.

1991 मध्ये मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी नोकरीतल्या कामगिरीवरचे 117 अभ्यास एकत्र केले. त्यात व्यावसायिक होते, पोलीस होते, व्यवस्थापक, विक्रेते, कुशल कामगार होते. बहिर्मुख माणूस विक्रीत आणि व्यवस्थापनात उजवा ठरला, इतरत्र त्याचा विशेष फायदा दिसला नाही. पाचही प्रकारच्या कामांत उपयोगी पडलेला गुण एकच, कर्तव्यदक्षता.

हा शब्द सरकारी निरोपसमारंभात वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे, म्हणून तो माणसात कसा दिसतो ते सांगतो. माझे वडील वीज मंडळात वायरमन होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. पावसाळ्यात रात्री अकराला लाइट गेली की गावातली चार माणसं दारात यायची. डीपीवर फ्यूज उडाला असेल तर काम दहा मिनिटांचं. पण लाइनवर झाड पडलेलं असलं, की अण्णा आधी सबस्टेशनला फोन करायचे, फीडर म्हणजे त्या भागाची मुख्य लाइन बंद करून घ्यायचे, काम करायच्या परवानगीचा, म्हणजे परमिटचा, नंबर डायरीत लिहायचे. मग टेस्टर लावून बघायचं, लाइन अर्थ करायची, हातमोजे फुंकून त्यांना भोक नाही ना हे तपासायचं आणि मगच पोलवर शिडी लावायची. खाली उभी माणसं वैतागायची. ‘अण्णा, लाइन बंदच आहे की, चढा ना!’ अण्णा उत्तर द्यायचे नाहीत, नंबर लिहीत राहायचे. तेहतीस वर्षं त्यांनी हे केलं. त्यांना कुणी चिकाटीचा पुतळा म्हटलं नाही, कारण बघणाऱ्याला त्यात काही दिसतच नाही. जे अपघात झाले नाहीत, ते कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाहीत.

याचीही ताकद नीट मोजून सांगायला हवी, नाहीतर एक मंत्र काढून दुसरा लावल्यासारखं होईल. बॅरिक आणि माउंट यांना कर्तव्यदक्षता आणि कामगिरी यांचा सहसंबंध साधारण 0.2 मिळाला. साध्या हिशोबात सांगायचं तर, कर्तव्यदक्षतेत वरच्या निम्म्यात असलेली 100 माणसं घेतली, तर त्यातली 56-57 कामातही वरच्या निम्म्यात असतील. गुणाचा काहीच संबंध नसता, तर 50 असती. एका माणसाचं भविष्य यावरून सांगता येत नाही. मुलाखतीत स्वभावचाचणी घेऊन कुणाला घरी पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, असं मला कळकळीने वाटतं. पण हा सहा-सात माणसांचा फरक रोज, प्रत्येक कामात, तीस-पस्तीस वर्षं साठत जातो.

स्वभाव आणि काम यांची जोडी जुळणंही आलंच. आठ हजारांहून जास्त जर्मन नोकरदारांच्या 2018 च्या एका अभ्यासात कामाच्या गरजेपेक्षा जास्त कर्तव्यदक्ष असलेल्यांचं उत्पन्न, जितक्यास तितकं जुळणाऱ्यांपेक्षा कमी निघालं. म्हणजे गुण असला तरी त्याला जागा लागते.

आता या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग. स्वभाव कामाला घडवतो, हे आपण गृहीतच धरतो. पण कामही स्वभावाला घडवतं.

न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात 1972-73 मध्ये जन्मलेल्या 1,037 मुलांचा पाठपुरावा संशोधक आजतागायत करत आहेत. ब्रेंट रॉबर्ट्स, अवशालोम कॅस्पी आणि टेरी मॉफिट यांनी या मुलांचा स्वभाव अठराव्या वर्षी आणि पुन्हा सव्विसाव्या वर्षी मोजला आणि मधल्या काळात त्यांना कशी कामं मिळाली ते पाहिलं. ज्या गुणांमुळे एखादं काम मिळालं होतं, तेच गुण त्या कामाने आणखी वाढवले. ज्यांना जबाबदारीचं, स्वतः निर्णय घेता येणारं, समाधान देणारं काम मिळालं, ती स्थिर होत गेली. अठराव्या वर्षी रागीट आणि जगापासून तुटलेली मुलं कमी दर्जाच्या कामांत अडकली आणि त्या कामांनी त्यांना आणखी तोडलं. रॉबर्ट्स यांनी 2006 मध्ये अशा 92 दीर्घकालीन अभ्यासांचा आढावा घेतला. कर्तव्यदक्षता विशी ते चाळिशी या काळात सर्वांत ठळकपणे वाढते, असं त्यात दिसलं. नोकरी, संसार आणि इतरांचं आपल्यावर अवलंबून असणं याच काळात अंगावर येतं.

आई सांगते, लग्न झालं तेव्हा अण्णांना स्वतःची चप्पल सापडायची नाही. पगाराचं पाकीट दोनदा एसटीत विसरले होते. डायरी आली ती नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, आणि ती त्यांची कल्पना नव्हती. ज्यांच्या हाताखाली ते शिकले, ते जुने लाइनमन नंबर लिहिल्याशिवाय शिडीला हात लावू द्यायचे नाहीत. माझ्या आठवणीतले अण्णा हे त्या नोकरीने घडवलेले अण्णा आहेत.

म्हणूनच ‘ज्याच्यात धमक आहे तो टिकतो’ असं कुणी सरसकट म्हटलं, की मला राहवत नाही. 2013 मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या 28 मुलांवर एक प्रयोग केला. मुलांना चित्र काढायला जुने, वापरलेले खडू दिले आणि सांगितलं, थांबलास तर चांगले खडू आणून देते. निम्म्या मुलांना खरंच नवे खडू मिळाले. उरलेल्यांना बाई रिकाम्या हाताने परत येऊन म्हणाल्या, माफ कर, आपल्याकडे नाहीत. हेच पुन्हा स्टिकरबाबत केलं. त्यानंतर पुढ्यात मार्शमेलो नावाची मऊ मिठाई ठेवली. आत्ता खाल्लीस तर एक, थांबलास तर दोन. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता, ती मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली. ज्यांची निराशा झाली होती, ती 3 मिनिटं. मुलं कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकावेत तसं ठरलं होतं, त्यामुळे हा फरक स्वभावाचा म्हणता येत नाही. शब्दाला किंमत नाही हे ज्याला कळलं, त्याने मिळेल ते खाऊन घेतलं, आणि माझ्या मते ते शहाणपणाचंच होतं. तीन-तीन महिने मजुरी थकवणाऱ्या ठेकेदाराकडचं पोर काम सोडून जातं, तेव्हा त्याच्या चिकाटीची मापं काढण्याआधी हा प्रयोग आठवावा.

मग कष्टाळूपणा, पुढाकार शिकवता येतो का? आफ्रिकेतल्या टोगो देशातून याचं एक चांगलं उत्तर आलं आहे. तिथल्या 1,500 छोट्या व्यावसायिकांचे तीन गट केले. एकाला काहीच प्रशिक्षण नाही. दुसऱ्याला हिशोब, विपणन, वित्त असं नेहमीचं धंद्याचं शिक्षण. तिसऱ्याला जर्मन मानसशास्त्रज्ञ मायकेल फ्रेझे यांच्या पद्धतीने पुढाकाराचं प्रशिक्षण: कुणी सांगायची वाट न पाहता सुरुवात कशी करायची, पुढची अडचण आधी कशी ओळखायची, अडलं तर दुसरी वाट कशी काढायची. वर्गातले एकूण 36 तास आणि नंतर काही महिने प्रशिक्षकाने त्यांच्या दुकानावर येऊन दिलेल्या भेटी. दोन वर्षांहून जास्त काळ पाठपुरावा करून 2017 मध्ये निष्कर्ष छापले. पुढाकाराच्या गटाचा नफा 30 टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या प्रशिक्षणाच्या गटाचा 11 टक्क्यांनी, आणि तोही इतका अनिश्चित की योगायोग नाही असं म्हणता येईना. तिसऱ्या गटाला कुणी ‘हार मानू नका’ एवढंच सांगून सोडलं नव्हतं. त्यांना करून पाहता येतील अशा छोट्या कृती दिल्या होत्या.

दुसरी वाट काढणं हा त्यातला कळीचा भाग, कारण चिकाटीला एक वाईट बाजूही आहे. 2015 च्या एका अभ्यासात चिकाटीत वरचे लोक न सुटणाऱ्या कोड्यांपाशी जास्त वेळ अडकून बसले आणि त्यापायी त्यांची सुटणारी कोडी राहून गेली. ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता’ ही ओळ आपण मुलांना प्रयत्नांची महती सांगायला ऐकवतो. मूळ श्लोकाचा रोख मात्र वेगळा आहे. वाळूतून तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, पण हटवादी मूर्खाचं मन वळवता येणार नाही, असं तो सांगतो. अशक्याची उदाहरणं म्हणून आलेली वाळू आपण अभ्यासाच्या टेबलावर आणून ठेवली.

आणि ती खरोखर टेबलावर आहे. पुण्यात सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत गेलात तर दिसेल. दोन फुटांची जागा, समोर प्लायवूडची फळी, त्यावर चिकटवलेलं वेळापत्रक, खाली पाण्याची बाटली आणि मेसचा डबा. माझ्या मावसभावाने तिथे सहा वर्षं काढली. दोनदा मेन्सपर्यंत गेला. घरून फोन आला की एकच वाक्य: एवढी वर्षं घातलीस, आता कसा सोडतोस? कॅनडातले मानसशास्त्रज्ञ कार्स्टन व्रॉश आणि त्यांचे सहकारी नेमकं हेच अभ्यासतात, गाठता न येणारं ध्येय सोडणं. जे सोडू शकतात आणि दुसरं काही धरतात, त्यांची मनःस्थिती बरी राहते, असं त्यांना आढळलं. ग्रेगरी मिलर यांच्यासोबत किशोरवयीन मुलींवर केलेल्या 2007 च्या अभ्यासात तर हे रक्तातही दिसलं. ज्यांना अशक्य ध्येय सोडणं जड जात होतं, त्यांच्या शरीरातला दाह दाखवणारं सीआरपी हे प्रथिन वर्षभरात जास्त वाढलं. या अभ्यासांमध्ये ‘दुसरं काही धरतात’ हा भाग महत्त्वाचा आहे. नुसतं सोडून मोकळं बसणाऱ्याला तेवढा लाभ होत नाही.

मावसभाऊ परत गेला. तालुक्याच्या रस्त्यावर आता त्याचं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. मागच्या दिवाळीत मी तिथे तासभर बसलो होतो. काउंटरच्या मागे, कॅलेंडरच्या शेजारी, अभ्यासिकेतलंच वाटावं असं एक वेळापत्रक चिकटवलेलं. डावीकडे शेतकऱ्यांची नावं, पुढे एकर, पीक, लॅटरल म्हणजे ठिबकची नळी कधी टाकली, फिल्टर शेवटचा कधी धुतला. आठला शटर उघडल्यावर तो त्यातली तीन नावं काढतो आणि फोन लावतो. ‘दादा, फिल्टर धुवायला झालाय तुमचा. वीस मिनिटांचं काम आहे, आज करून घ्या.’ मग त्या नावापुढे निळ्या पेनाने बरोबरची खूण करतो आणि पुढचा नंबर फिरवतो.