प्रथिनांचे विघटन म्हणजे केवळ झीज नव्हे

‘पेशीतील प्रथिने मोडणे म्हणजे झीज, ती थांबवली की तारुण्य टिकते,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो पटतोही, कारण खराब प्रथिने पेशी खरोखरच मोडीत काढते. मात्र धडधाकट प्रथिनेही ती ठरवून मोडते, आणि कोणते जनुक केव्हा चालू व्हावे हे काही अंशी त्यातूनही ठरते.

नागपूरच्या एखाद्या रोपवाटिकेत मोगऱ्याच्या फांदीचे टोक मुळे फुटण्याच्या पावडरीत बुडवतात, तेव्हा ऑक्सिन हे संप्रेरक पेशीत पोहोचते. एरवी वाढीची जनुके दाबून ठेवणाऱ्या प्रथिनांवर त्यामुळे युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची ‘हे मोडा’ अशी खूण चढते, प्रोटिॲसोम हे पेशीतील प्रथिने कापणारे यंत्र त्यांचे तुकडे करते आणि ती जनुके मोकळी होतात.

पावडर लावलेली व न लावलेली फांदी शेजारी लावून मुळे मोजता येतील. अर्थात त्यातून ऑक्सिनचा परिणाम तेवढा दिसेल. विघटनाचा पडताळा प्रयोगशाळेत होतो: प्रोटिॲसोम रोखणारे रसायन दिले की दाबणारी प्रथिने साचतात आणि ऑक्सिन असूनही जनुके दबलेलीच राहतात.

माणसांसाठीही प्रोटिॲसोम रोखणारी औषधे आहेत. पण ती मल्टिपल मायलोमा या कर्करोगात, पेशी मारण्यासाठी दिली जातात.