टॅपिंग जिग (ड्रिल यंत्रावरील)

ड्रिलने पाडलेल्या भोकात टॅप (भोकाच्या आत स्क्रूसाठी पिळदार खाचा पाडणारे हत्यार) वाकडा न जाता उतरावा म्हणून त्याला आधार देणारे साधन. मोठ्या कारखान्यांत उलटसुलट फिरणारी टॅपिंग-शीर्षे वापरतात. प्रस्तुत नोंद लहान वर्कशॉपात स्वतः बनवलेल्या, हाताने फिरवायच्या जिगपुरती आहे. या खाचांना ‘मळसूत्र’ हा ग्रंथातला शब्द. फिटर मंडळी ‘आटे’ म्हणतात आणि टॅप ‘मारतात’. हत्याराला वाट दाखवते ती जिग आणि जॉब (ज्यावर काम चालते तो तुकडा) नुसता धरून ठेवते ते फिक्श्चर, या काटेकोर भेदानेही हे साधन जिगच ठरते.

आतले आटे पाडताना मार्गदर्शक वापरण्याची कल्पना जुनी आहे. अलेक्झांड्रियाच्या हेरॉन या प्राचीन ग्रीक यंत्रज्ञाने यंत्रशास्त्रावरील आपल्या ग्रंथात दाबयंत्राच्या लाकडी नटात आटे पाडण्याची कृती दिली आहे. या ग्रंथाचे मूळ ग्रीक रूप तुकड्यांतच उरले असून तो मुख्यतः कुस्ता इब्न लूका याने नवव्या शतकात केलेल्या अरबी भाषांतरातून माहीत आहे. मळसूत्र कोरलेली लाकडी दांडी मार्गदर्शक ठोकळ्यातून फिरत पुढे सरकते आणि तिच्या टोकाचे लोखंडी पाते भोकात आटा कोरत जाते. हेरॉनच्या काळाविषयी इ. स. पू. दुसऱ्या शतकापासून इ. स. तिसऱ्या शतकापर्यंत मते मांडली गेली. विज्ञानेतिहासकार ओटो नॉयगेबाउअर यांनी १९३८ मध्ये हेरॉनने उल्लेखिलेल्या एका चंद्रग्रहणाची सांगड इ. स. ६२ मधील ग्रहणाशी घातली. या निष्कर्षावर आक्षेप आहेत, तरी पहिले शतक हेच अधिक ग्राह्य वाटते.

मात्र हेरॉनच्या साधनाला टॅपिंग जिगचा थेट पूर्वज म्हणणे सैलपणाचे होईल. तेथे आट्याचा पिच (लगतच्या दोन आट्यांतील अंतर) मार्गदर्शक दांडी ठरवते. टॅपचा पिच त्याच्या स्वतःच्या दातांत असतो. म्हणून जिगने दिशा तेवढी द्यायची. खाली किती सरकायचे हे टॅपवर सोडायचे. त्यामुळेच इंग्रज अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेला ५५ अंशांचा आटा (नळांच्या जोडांत त्याचे रूप अजून टिकून आहे) असो की आजचा ६० अंशांचा मेट्रिक आटा, एकच जिग दोन्हींना चालते.

टॅप चकमध्ये (यंत्राच्या ड्रिल धरणाऱ्या जबड्यांत) धरून यंत्र सुरू करण्याचा मोह टाळावा लागतो. एम ६ (६ मिमी व्यासाच्या मेट्रिक आट्याच्या) टॅपचा पिच १ मिमी. मिनिटाला ५०० फेऱ्यांवर तो सेकंदाला ८ मिमीहून अधिक उतरतो; १२ मिमीचे भोक दीड सेकंदात संपते, आणि बंद (आरपार नसलेले) भोक असेल तर टॅप तळाला टेकून तुटतो. शिवाय टॅपची कडक, गोल दांडी चकच्या जबड्यांत घसरते.

घरगुती जिगचा सोपा प्रकार दोन भागांचा असतो. चकमध्ये १२ मिमी व्यासाचा ब्राइट बारचा (गुळगुळीत, अचूक मापाच्या पोलादी सळीचा) तुकडा घट्ट धरतात. त्यावर सहज सरकेल पण डुलणार नाही असा २५ ते ३० मिमी व्यासाचा गोल होल्डर बसतो. त्याच्या खालच्या तोंडात टॅप, बाजूला फिरवण्यासाठी आडव्या दांड्या. टॅपच्या चौकोनी शेपटाच्या सपाट बाजूंवर ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) आवळतात. बार न फिरता फक्त मध्य राखतो, म्हणून चकवर पीळ येत नाही. होल्डरची दोन्ही भोके एका अक्षात असणे हीच खरी कसोटी, म्हणून लेथवर ती एकाच पकडीत करावीत. लेथ नसल्यास गोल तुकडाच ड्रिल यंत्राच्या चकमध्ये आणि ड्रिल टेबलावरच्या शेगड्यात (व्हाइसमध्ये) उभे धरतात. फिरणाऱ्या तुकड्यात भोक बरेचसे मध्यावर येते. टॅपच्या दांड्या मानकागणिक बदलतात (एम ६ साठी कुठे ६ मिमी, कुठे ६.३ मिमी), त्यामुळे वेगवेगळे बुश (होल्डरच्या भोकात बसणाऱ्या नळ्या) करून ठेवलेले बरे.

जिगचा खरा फायदा मांडणीत आहे. जॉब न हलवता ड्रिल काढून त्या जागी बार लावला की भोकाचा आणि टॅपचा अक्ष आपोआप जुळतो. गुण्या लावून पाहण्याची गरज उरत नाही. एम ६ साठी ५ मिमी ड्रिल घेतल्यास आट्याची खोली पूर्ण खोलीच्या सुमारे ७७ टक्के मिळते. चिवट पोलादात ५.२ मिमी घेतले तर ती ६२ टक्क्यांवर येते, पण टॅप बराच हलका फिरतो. साध्या टॅपला अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे हा नेम. कीस पुढे ढकलणाऱ्या गन टॅपला त्याची गरज नसते. बीड कोरडे चालते, पोलादाला कटिंग ऑइल, अ‍ॅल्युमिनियमला रॉकेल.

एम ३, एम ४ सारख्या बारीक टॅपना लोखंडी होल्डर जड पडतो. टॅप अडकत असल्याचे हाताला कळत नाही. त्यांच्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचा, आखूड दांड्यांचा वेगळा होल्डर करतात.