होमर, विन्स्लो

होमर, विन्स्लो : (२४ फेब्रुवारी १८३६ – २९ सप्टेंबर १९१०). अमेरिकन चित्रकार. सचित्र साप्ताहिकांसाठी चित्रे काढत त्याने उमेदीची सतराअठरा वर्षे काढली. आज तो ओळखला जातो समुद्राच्या तैलचित्रांसाठी आणि जलरंगांसाठी.

जन्म बॉस्टनचा. आई हेन्रिएटा जलरंगात चित्रे काढी, पहिले धडे तिचेच. वडील कॅलिफोर्नियातल्या सोन्यामागे गेले आणि हात हलवत परतले. कॉलेजचा प्रश्नच नव्हता. एकोणिसाव्या वर्षी विन्स्लो बॉस्टनमधल्या बफर्डच्या शिळाछापखान्यात उमेदवारीला लागला. गाण्यांच्या स्वरलिप्यांची मुखपृष्ठे आणि असलीच भाराभर कामे दिवसभर शिळेवर वाकून करायची. दोन वर्षांत तो विटला. १८५७ मध्ये, एकविसावे वर्ष पूर्ण होताच तो बाहेर पडला आणि नंतर जन्मात कोणाची चाकरी केली नाही. ‘हार्पर्स वीकली’ या सचित्र साप्ताहिकाने पगारी जागा देऊ केली तीही त्याने नाकारली. चित्रे मात्र देत राहिला, नगावर पैसे घेऊन.

ही चित्रे छापली कशी जात, हे पाहिल्याशिवाय पुढचा होमर नीट कळत नाही. बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या ठोकळ्याला पांढरा लेप द्यायचा, त्यावर चित्र उलटे काढायचे. या झाडाचे खोड बारीक, त्यामुळे मोठा ठोकळा लहान तुकडे एकमेकांना बोल्टने जोडून केलेला असे. घाई असली की तुकडे सुटे करून चारसहा कोरक्यांत वाटत. कोणाच्या वाट्याला आभाळ, कोणाच्या वाट्याला घोड्याचे पाय. कोरून झाले की ते पुन्हा जोडायचे आणि सांध्यांवरच्या रेषा जुळवून घ्यायच्या. इतक्या हातांतून जाताना नाजूक छटा टिकत नाहीत. टिकतो तो ठसठशीत आकार, उजेडावर उठलेली काळी आकृती. होमर तेच काढायला शिकला.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाल्यावर साप्ताहिकाने त्याला आघाडीवर पाठवले. तिथे त्याने लढायांपेक्षा छावणीतला कंटाळाच अधिक टिपला. १५ नोव्हेंबर १८६२ च्या अंकात त्याचा झाडावर दबा धरून बसलेला नेमबाज छापून आला. बंदुकीवर दुर्बीण, डोळा तिला लावलेला, शेजारच्या फांदीला पाण्याचा डबा टांगलेला. पुढच्या वर्षी हाच विषय त्याने तैलरंगात केला. त्याच्या अगदी पहिल्या तैलचित्रांपैकी हे एक. त्यात तो पाण्याचा डबा नाही. माणूस किती वेळ तिथे बसून आहे, हे सांगणारी वस्तूच त्याने काढून टाकली. अशा दुर्बिणीतून त्याने स्वतः एकदा पाहिले होते; ते दृश्य आपल्याला खुनासारखेच वाटले, असे त्याने बऱ्याच वर्षांनी एका पत्रात लिहिले.

तैलरंगाचे रीतसर शिक्षण त्याला नावापुरतेच मिळाले. तरीही ‘प्रिझनर्स फ्रॉम द फ्रंट’ (१८६६) या चित्राने त्याचे नाव झाले आणि १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात ते मांडले गेले. पोट मात्र साप्ताहिकांवरच चाले. शाळेच्या पोरांची हात धरून चाललेली धावपळ दाखवणारे ‘स्नॅप द व्हिप’ (१८७२) आधी तैलरंगात झाले आणि मग १८७३ मध्ये ‘हार्पर्स’च्या पानांवर आले, एव्हाना उलटी गंगा वाहू लागली होती. त्याच १८७३ च्या उन्हाळ्यात मॅसॅचूसेट्समधल्या ग्लॉस्टर बंदरात त्याने जलरंग गंभीरपणे हाती घेतला आणि १८७५ मध्ये ‘हार्पर्स वीकली’चे काम कायमचे थांबवले.

पुढे आयुष्यभरात त्याने सुमारे ७०० जलरंगचित्रे केली. ओला रंग टिपून घेणे, सुकलेला चाकूने खरवडून कागदाचा पांढरा वर आणणे या त्याच्या आवडत्या युक्त्या. लाकडी ठोकळ्यावर जे कोरून निघते तेच छापात पांढरे राहते, हे ज्याने वर्षानुवर्षे पाहिले त्याला चाकू हातात घ्यावासा वाटला, यात मला तरी नवल वाटत नाही.

१८८१–८२ मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील कलरकोट्स या कोळीवाड्यात तो राहिला. होड्यांची वाट पाहत वाऱ्यात उभ्या असलेल्या तिथल्या कोळणींनी त्याच्या माणसांना वजन दिले. परतल्यावर १८८३ मध्ये त्याने मेन राज्यातल्या प्राउट्स नेक या खडकाळ टोकावर मुक्काम हलवला. लग्न केले नव्हते. पाहुणे येऊ नयेत म्हणून साप आणि उंदीर असल्याची पाटी त्याने लावली होती. ‘द फॉग वॉर्निंग’ (१८८५) मधला वल्ही मारणारा कोळी, ‘एट बेल्स’ (१८८६) मधले खलाशी ही चित्रे इथली. हळूहळू माणसेही कमी होत गेली आणि उरले खडक व लाटा.

हिवाळ्यात तो बहामा, क्युबा, फ्लोरिडा, बर्म्युडा इकडे जाई. ‘द गल्फ स्ट्रीम’ (१८९९) या प्रवासांतून आले; गल्फ स्ट्रीम म्हणजे अटलांटिकमधला उबदार सागरी प्रवाह. डोलकाठी मोडलेली होडी, तिच्यावर पडलेला एकटा कृष्णवर्णीय माणूस, उसाची कांडकी, भोवती शार्क. क्षितिजावर एक जहाज आहे, पण हा भलतीकडेच पाहतो आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने हे चित्र १९०६ मध्ये घेतले. त्याआधी ते विक्रीला असताना काही स्त्रियांनी विक्रेत्याकडे विचारणा केली, की या माणसाचे पुढे काय होते? ज्याने सतराअठरा वर्षे मजकुराशेजारी चित्रे काढली, त्याला चित्राखाली मजकूर मागितलेला खपला नाही. त्याने वैतागून कळवले, की आपण हा प्रवाह दहा वेळा ओलांडला आहे. आणि त्या स्त्रियांना सांगून टाका, तो बिचारा सुटतो, घरी पोहोचतो आणि पुढे सुखाने नांदतो.