दुरुस्तीतूनच पडलेल्या फटी

पासवर्ड चुकला की यंत्र एवढंच सांगतं : चूक. कितवं अक्षर चुकलं, आपण किती जवळ आलो होतो, या नावाचं खातं मुळात आहे की नाही, यातलं काही ते बोलत नाही. बोलायचंच नसतं. पण पासवर्ड तपासणारा प्रोग्रॅम तोंडाने गप्प राहिला, तरी त्याच्या वागण्यातून काहीबाही निसटतं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या इतिहासात यावरून झालेल्या फजित्या बऱ्याच आहेत. मला त्यातल्या अशा फजित्या जास्त रंजक वाटतात, जिथे फट पडली ती हलगर्जीपणामुळे नव्हे, तर कुणीतरी मन लावून केलेल्या सुधारणेमुळे.

सुरुवात टेनेक्सपासून करू. १९७० च्या आसपास बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या अमेरिकी कंपनीने पीडीपी-१० या यंत्रासाठी ही ऑपरेटिंग सिस्टिम तयार केली. दुसऱ्याच्या फाइली असलेल्या डिरेक्टरीत शिरायचं, तर तिचा पासवर्ड द्यावा लागे. चुकला, तर यंत्र तीन सेकंद मुद्दाम थांबून मगच नकार देई, म्हणजे कुणी भराभर अंदाज मारत बसू नये. युक्ती साधी आणि चांगली. टेनेक्सची आणखी एक सोय होती. प्रोग्रॅमची मेमरी ‘पानां’मध्ये विभागलेली असे, आणि अजून न दिलेल्या पानाला हात लागला तर सिस्टिम तसं त्या प्रोग्रॅमलाच कळवे. ही सोयही चांगलीच.

दोन्ही चांगल्या गोष्टी एकत्र आल्या आणि घोळ झाला. पासवर्ड तपासताना सिस्टिम तो थेट वापरणाऱ्याच्या मेमरीतून, एकेक अक्षर वाचत असे. पहिलं अक्षर जुळलं तर दुसरं वाचायचं, जुळलं नाही तर तिथेच थांबायचं. आता समजा, एखाद्या लबाडाने आपल्या अंदाजाचं पहिलं अक्षर एका पानाच्या अगदी शेवटच्या जागेत ठेवलं आणि त्याला लागून असलेलं पुढचं पान रिकामं, म्हणजे न दिलेलं ठेवलं. त्याने ‘ए’ ठेवून पाहिलं : तीन सेकंद शांतता, मग ‘चूक’. ‘बी’ : पुन्हा तेच. असं करत ‘एम’ ठेवलं, आणि या वेळी ‘चूक’ आलंच नाही. उलट निरोप आला की तू न दिलेल्या पानाला हात लावलास. म्हणजे सिस्टिम दुसरं अक्षर वाचायला पुढे गेली. म्हणजे पहिलं अक्षर ‘एम’च! मग सगळा मजकूर एक घर मागे सरकवायचा, आता दुसरं अक्षर पानाच्या कडेला येतं, आणि पुन्हा तोच खेळ.

यातलं गणित बघण्यासारखं आहे. टेनेक्समध्ये एका अक्षराच्या १२८ शक्यता असत. आठ अक्षरांचा पासवर्ड नुसता अंदाजाने शोधायचा, आणि दर चुकीला तीन सेकंद द्यायचे, तर सरासरी सुमारे ३४० कोटी वर्षं लागतील. पानाच्या कडेची युक्ती वापरली तर दर अक्षराला सरासरी ६४ प्रयत्न, आठ अक्षरांना ५१२, म्हणजे सुमारे २५ मिनिटं. पासवर्ड तोच, तीन सेकंदांची शिक्षाही तीच. संगणकशास्त्रज्ञ बटलर लॅम्पसन यांनी १९८३ मध्ये संगणक प्रणालींच्या रचनेवर लिहिताना हा किस्सा सविस्तर नोंदवला, आणि तेव्हापासून या विषयात तो पुन्हा पुन्हा सांगितला जातो.

याच्यावरचा उपाय दोन वाक्यांत सांगता येतो. आधी वापरणाऱ्याने दिलेला अख्खा मजकूर सिस्टिमने स्वतःच्या मेमरीत उतरवून घ्यायचा. न दिलेल्या पानाची तक्रार यायची असेल तर ती तिथेच येईल, पासवर्ड बरोबर असो वा चूक, आणि तुलना त्यानंतर सुरू होईल. मात्र एवढ्याने पुरतं समाधान होत नाही. पहिल्या चुकीला थांबणारी तुलना आता पान दाखवत नसली, तरी वेळ दाखवते : तिसऱ्या अक्षराला चुकलेला अंदाज पहिल्या अक्षराला चुकलेल्यापेक्षा किंचित उशिरा नाकारला जातो. म्हणून गुप्त गोष्टींची तुलना करणारा कोड हल्ली मध्येच थांबत नाही. प्रत्येक जोडीतला फरक एका आकड्यात साठवत तो शेवटपर्यंत जातो, आणि अगदी अखेरीस तो आकडा शून्य आहे का, एवढंच पाहतो. आळशीपणा हा एरवी प्रोग्रॅमचा गुण. इथे सक्तीने कामसू राहावं लागतं. त्यातही कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, फार हुशार असला, तर ‘हे उरलेलं काम कशाला?’ म्हणून तो ते परस्पर उडवू शकतो. तेव्हा त्याच्यावरही नजर ठेवावी लागते.

आता युनिक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम. इथे पासवर्ड जसाच्या तसा साठवत नसत. तो एका सांकेतिक प्रक्रियेतून पिळून काढत आणि उलटा फिरवता न येणारा चोथा तेवढा फाइलीत ठेवत. (आपण त्याला आज हॅश म्हणतो.) अडचण अशी की पहिली प्रक्रिया फार चपळ होती. पीडीपी-११/७० यंत्रावर एक पासवर्ड पडताळायला सव्वा मिलिसेकंद लागे. या वेगाने इंग्रजीतल्या लहान लिपीची पाच अक्षरं घेऊन होणारे सगळेच्या सगळे पासवर्ड सुमारे चार तासांत तपासून संपतात. लोकांचे पासवर्डही तसे भरवशाचे नव्हते : बेल लॅब्जमधले रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी गोळा केलेल्या ३,२८९ पासवर्डांपैकी ८६ टक्के एकतर फार आखूड होते, नाहीतर शब्दकोशात किंवा नावांच्या यादीत सापडणारे. १९७९ च्या त्यांच्या लेखात ही सगळी हकिगत आहे. त्यांनी जाणूनबुजून संथ प्रक्रिया आणली. डीईएस या संकेतपद्धतीचा थोडा बदललेला अवतार पंचवीस वेळा चालवायचा आणि प्रत्येक पासवर्डात १२ बिटांचं ‘मीठ’, म्हणजे दर वेळी वेगळा निवडलेला एक आकडा, घालायचं. त्यामुळे एकच पासवर्ड ४,०९६ वेगवेगळ्या रूपांत साठू शकतो, आणि आधीच करून ठेवलेली एकच यादी सगळ्यांना लावून पाहता येत नाही.

आणि इथेच फट पडली. नाव खरं असेल तरच ही संथ प्रक्रिया चाले. नावच खोटं असेल तर जुळवायला काही नसे, म्हणून प्रोग्रॅम लगेच नकार देई. सरळ विचार केला तर यात चूक काय? पण खऱ्या नावाला उत्तर यायला सुमारे अर्धा सेकंद लागे आणि खोट्या नावाला अजिबात नाही. पडद्यावर दोन्हीकडे तोच मजकूर, पण मधली शांतता वेगळी. पासवर्ड माहीत नसतानाही कोणती खाती अस्तित्वात आहेत, हे कुणालाही मोजून काढता आलं असतं. दुरुस्ती अशी केली की खोट्या नावासाठीही ती सगळी प्रक्रिया चालवायची, कुठल्याही उपयोगाशिवाय. नसलेल्या माणसाचा पासवर्ड इमानेइतबारे तपासायचा.

सदतीस वर्षांनी नेमकं हेच पुन्हा घडलं. दूरच्या यंत्रावर लॉगिन करण्यासाठी जगभर वापरलं जाणारं ओपनएसएसएच खोट्या नावांसाठी लुटुपुटूचा हॅश काढत होतंच. जुना धडा गिरवलेला होता. फक्त तो लुटुपुटूचा हॅश ब्लोफिश पद्धतीने निघे, आणि दरम्यान बहुतेक लिनक्स सर्व्हर खऱ्या पासवर्डांसाठी एसएचए-२५६ किंवा एसएचए-५१२ या वेगळ्या हॅशपद्धतींवर गेले होते. साधा पासवर्ड दिला तर फरक कळायचा नाही. पण दहा हजार अक्षरांचा पासवर्ड पाठवला की एसएचएवाले दमछाक होऊन उशिरा उत्तर देत, ब्लोफिश मात्र निवांत. ते ठरावीक लांबीपलीकडचा मजकूर बघतच नाही. म्हणजे उशीर झाला तर खातं खरं. सुरक्षेतल्या त्रुटींच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०१६-६२१० या क्रमांकाने ही त्रुटी नोंदली गेली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या ७.३ आवृत्तीत वेळेतला हा फरक झाकण्याची तजवीज झाली. त्याच आवृत्तीत १,०२४ अक्षरांहून लांब पासवर्ड सरळ नाकारायलाही सुरुवात झाली. तसं करण्याचं कारण, असे अवाढव्य पासवर्ड पाठवून सर्व्हरला दमवणं थांबवायचं होतं. तरीही, एवढा लांब पासवर्ड खरोखर टाइप करणारा माणूस मला बघायला आवडेल.

ॲपलच्या मॅकओएस हाय सिएरा या ऑपरेटिंग सिस्टिमची गोष्ट याच कुळातली, पण तिथे फट नव्हे, दारच उघडं राहिलं. २८ नोव्हेंबर २०१७ ला ती चव्हाट्यावर आली. सेटिंगमधल्या कुलपावर क्लिक करायचं, नाव ‘रूट’ लिहायचं, पासवर्डाची चौकट रिकामी ठेवायची आणि बटण दोनदा दाबायचं. संपूर्ण यंत्र ताब्यात. रूट हे सर्वाधिकारी खातं मुळात बंद असतं आणि त्याच्या नावावर हॅश नसतो. पण जुन्या पद्धतीने साठवलेले पासवर्ड नव्या, अधिक सुरक्षित पद्धतीत आपोआप हलवावेत, अशी सोय सिस्टिममध्ये होती. हॅश दिसला नाही, तेव्हा प्रोग्रॅमने हे जुन्या पद्धतीचं खातं समजून त्या रीतीने पडताळणी केली, तिचं उत्तर नीट तपासलं नाही, आणि जे काही टाइप केलेलं होतं, म्हणजे काहीच नाही, तेच नव्या पद्धतीत रूटचा पासवर्ड म्हणून नोंदवून टाकलं. पहिल्या क्लिकने पासवर्ड तयार झाला, दुसऱ्याने तो चालला.

ॲपलने दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती पाठवली. घाईतल्या त्या दुरुस्तीने काही यंत्रांवर फाइल शेअरिंगचं लॉगिन बिघडलं, म्हणून तिची सुधारित प्रत काढावी लागली. शिवाय ज्यांनी हाय सिएराच्या १०.१३ या आवृत्तीवर दुरुस्ती बसवली आणि १०.१३.१ ही पुढची आवृत्ती त्यानंतर घेतली, त्यांच्यापैकी काहींच्या यंत्रावर रूटचं ते रिकामं दार पुन्हा उघडलं. त्यांनी दुरुस्ती परत बसवली, तरी यंत्र रीस्टार्ट करेपर्यंत ते उघडंच होतं.